सेलेंदीनचा रस्ता दाखवणाऱ्या काकांना

तीर्थस्वरूप काका,
साष्टांग नमस्कार.

घरी येऊन आभार मानायला लागलं की तुम्ही चहाचं विचारता आणि विषय बदलता. म्हणून सगळ्यांसमोर लिहिते आहे. आता ऐकून घ्यावं लागेल.

पेरूला जायचं म्हणजे लिमा, कुस्को, माचू पिचू, तितिकाका सरोवर, असाच आराखडा घेऊन आम्ही दोघी बहिणी तुमच्याकडे आलो होतो. तुम्ही तो शांतपणे वाचलात, यात वाईट काही नाही म्हणालात आणि विचारलंत, "आणि उत्तरेला कोण जाणार?" काहामार्काकडच्या खाणीवर तुम्ही नोकरी केलीत हे सोसायटीत सगळ्यांना ठाऊक आहे, पण तिथला रस्ता तुम्हाला अजून वळणावळणाने पाठ आहे हे त्या दिवशी कळलं. दक्षिण रद्द, असं ताईने घरी जाहीर केलं तेव्हा भाचेमंडळींनी आम्हाला वेड्यात काढलं. "पेरूला गेलात आणि माचू पिचू नाही बघितलं?" हे अजून ऐकते आहे. नाही बघितलं. अजिबात चुटपुट नाही.

लिमाहून हाएनला विमानाने उतरून तिथून गाडीने उत्तरेतलं चाचापोयास शहर गाठणं सोयीचं, असं सगळे सांगत होते. तुम्ही एकटेच म्हणालात, काहामार्काहून सेलेंदीनमार्गे जमिनीवरून जा, आणि दिवसाउजेडीच जा. या एका वाक्यासाठी खरं तर हे पत्र आहे.

काहामार्कात इंका सम्राट आताहुआल्पाची ती दगडी खोली पाहिली. १५३२च्या नोव्हेंबरात स्पॅनिशांनी त्याला पकडलं, त्याने खोलीभर सोनं आणि त्याच्या दुप्पट चांदी देऊ केली, तरी दुसऱ्या वर्षी त्याला मारलंच. खोली लहान आहे, पाहून लगेच होते. चीज मात्र तुम्ही सांगितलंत त्याहून चांगलं निघालं.

सेलेंदीनहून पुढची गाडी भरल्याशिवाय हलत नाही. आपल्याकडच्या वडापचाच कारभार, तेव्हा आम्हाला नवखं वाटायचं कारण नव्हतं. पण तो रस्ता! आधी वर चढतो आणि मग मारान्योन नदीच्या दरीत उतरायला लागतो. अंगातला स्वेटर निघतो, मग खिडकी उघडते, मग घाम. खाली बाल्सासला नदी जेमतेम ८५० मीटर उंचीवर आहे. निवडुंग, आंबे, नारळ, उन्हाने भाजलेला डोंगर. पूल ओलांडला की पुन्हा चढण, ती थेट ३,६०० मीटरच्या आसपास, धुक्यात. स्वेटर परत अंगात. एकपदरी रस्ता, समोरून ट्रक आला की कुणीतरी मागे जायचं, आणि दरीकडच्या बाजूला कठडा नाही. ताईने डोळे मिटून स्तोत्र म्हटलं, मी डोळे उघडे ठेवले. दोघींपैकी फायद्यात मी राहिले असं माझं मत आहे. डिसेंबर ते मार्च पावसात दरडी कोसळतात म्हणून तुम्ही जून धरायला लावलात, त्याचं मोल त्या वळणांवर कळलं.

जेवणाचंही तुमचं बरोबर. नुसतं "सिन कार्ने", म्हणजे मांसाशिवाय, म्हटलं तर चिकन येतं, कारण कार्ने म्हणजे त्यांच्या लेखी गाईगुरांचं मांस. तुम्ही लिहून दिलेल्या चिठ्ठीत कोंबडी, मासा, हॅम सगळं वेगवेगळं नाकारलं होतं. ती चिठ्ठी दाखवली की स्वयंपाकघरातून हसण्याचा आवाज यायचा आणि मग उकडलेला मोठ्या दाण्याचा मका, घेवडा, बटाटे, अंडं असं यायचं. बाजारात आग्वायमांतो म्हणून घेतलं ती आपली रसभरीच. ती मूळची तिकडचीच.

लेमेबाम्बाला "मुक्काम करा, नुसतं थांबू नका" असं तुम्ही म्हणाला होतात. तुमच्या काळी तिथलं संग्रहालय नव्हतं, म्हणून त्याबद्दल सविस्तर लिहिते. १९९६ साली डोंगरापलीकडच्या कोंडोर सरोवराच्या कड्यावर शेतमजुरांना जुनी थडगी सापडली. त्यांनी आधी सोनं शोधत कोयते चालवले, गाठोडी फाडली. पुढच्या वर्षी संशोधकांनी तिथे जाऊन दोनशेच्या वर ममी आणि नोंदी ठेवण्यासाठी गाठी मारलेल्या दोऱ्यांचे किपू वाचवले, खेचरांवर लादून गावात आणले. ते लिमाला न जाता गावातच राहिले आणि २००० साली त्यांच्यासाठी ही वास्तू उघडली. काचेमागे गुडघे छातीशी घेऊन बसलेली माणसं, कापडात गुंडाळलेली. काही गाठोड्यांवर दोऱ्याने चेहरा भरलेला. ताई तिथे बराच वेळ काही बोलली नाही, आणि ती गप्प बसली की मला काळजी वाटते. समोरच्या कॅफेत साखरपाण्याच्या बाटल्यांवर हमिंगबर्ड येतात. त्यांनी तिला बोलतं केलं.

कुएलापच्या किल्ल्यावर तुम्ही टिंगोहून पायी चढला होतात. आम्ही केबल कारने गेलो, ती २०१७मध्ये सुरू झाली. चार किलोमीटर, वीस मिनिटं. तुमच्याइतकी पुण्याई नाही पदरात पडली, पण गुडघे वाचले. भिंत अजून तशीच, काही ठिकाणी २० मीटरपर्यंत उंच, मात्र २०२२च्या एप्रिलमध्ये पावसाने तिचा एक भाग ढासळला आणि किल्ला काही काळ बंद होता. आता आखलेल्या वाटेनेच फिरायचं. तुम्ही वर्णन केलेली ती प्रवेशाची चिंचोळी घळ, शेवटी एकच माणूस मावेल एवढी, आम्ही बाहेरून पाहिली. आतल्या गोल घरांचे पाये आणि एका जोत्यावरची चौकटींची नक्षी जवळून पाहता आली. इंकांच्या आधीचं आहे हे सगळं. इंका इथे आले ते पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात. इतकं असून गर्दी म्हणाल तर शाळेच्या एका सहलीची.

गोक्ता धबधबा ७७१ मीटर, दोन टप्प्यांत. कोकाचिम्बाहून पायवाटेने गेलो. २००६ साली बाहेरच्या जगाला त्याची उंची कळली तेव्हा "शोध लागला" म्हणून बातम्या झाल्या. गावातल्यांना तो रोज खिडकीतून दिसत होता, पण बातमी त्यांना विचारून कोण करतो?

तुम्ही लिहून दिलेल्या कागदावर कोंडोर सरोवराच्या नावापुढे प्रश्नचिन्ह होतं. लेमेबाम्बात चौकशी केली. घोड्यावरून जायला साधारण एक दिवस, तिथे एक, परतायला एक, आणि वाटेत चिखलच चिखल. वाटाड्या गावातूनच मिळतो. ताई म्हणते वयाला झेपणार नाही. मी अजून हो-नाही काही म्हटलेलं नाही. पुढच्या रविवारी नकाशा घेऊन येते. काकूंना सांगा, चहा नको, कॉफी चालेल. तिकडून आणली आहे.

तुमची,
तिसऱ्या मजल्यावरची धाकटी