हरिपूरच्या पेवात पुन्हा उतर

सांगली,
रविवार, रात्री

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

परवा घरी तुझा सिनेमा बघितला आणि संपल्यावर कुणीच बोललं नाही. तू पेनड्राइव्ह खिशात टाकून रात्रीच्या एसटीनं साताऱ्याला, सिरियलच्या सेटवर परत गेलास. तेव्हाच बोलायला हवं होतं मी.

जमिनीखाली हळद साठवायची हरिपूरची पेवं २००५ आणि २०१९ च्या महापुरांत कशी गेली, हे तुझ्या आप्पांनी डोळ्यांनी पाहिलंय. तुझ्याइतकं ते कुणाला ठाऊक? पण सिनेमात कृष्णा-वारणेचा संगम ड्रोनवरून चारदा दिसतो. म्हातारा पेवात हवा आहे का बघायला कंदील सोडतो, तो विझतो की जळत राहतो याची वाट बघतो, तेव्हा मात्र कॅमेरा त्याच्या पाठीमागे. मला त्याचा चेहरा बघायचा होता रे.

तो प्रसंग पुन्हा चित्रित कर. का म्हणतो, ते ऐक. जॉन कॅसाव्हेट्स हा अमेरिकेतला टीव्हीवरचा नट. १९५७ मध्ये त्यानं रेडिओवरच्या एका कार्यक्रमात श्रोत्यांना आवाहन केलं आणि लोकांनी दोनेक हजार डॉलर पाठवले. त्यातून न्यूयॉर्कमध्ये ‘शॅडोज’ हा त्याचा सिनेमा उभा राहिला. १९५८ मध्ये तो दाखवला, जोनास मेकस या समीक्षकानं डोक्यावर घेतला. पण कॅसाव्हेट्सलाच तो पटेना. कॅमेऱ्याची करामत फार झाली, माणसं राहून गेली, असं त्याला वाटलं. १९५९ मध्ये त्यानं त्याच नटांना गोळा करून मोठा भाग पुन्हा चित्रित केला. मेकस चिडला, पहिलाच चांगला होता म्हणून त्यानं लिहिलं. हा बधला नाही. त्याच्या साऱ्या कारकिर्दीत मला हीच गोष्ट सगळ्यात मोठी वाटते.

आणि सिरियल सोडायचं मनातून काढून टाक. त्यानंही ‘जॉनी स्टकाटो’ ही डिटेक्टिव्ह मालिका केली, दुसऱ्यांच्या सिनेमांत कामं केली आणि तो पैसा आपल्या सिनेमात घातला. ‘फेसेस’ हा सिनेमा बराचसा स्वतःच्या घरात चित्रित केला, संकलनात वर्षं गेली. १९६८ मध्ये तो आला आणि त्याला ऑस्करची तीन नामांकनं मिळाली. पुढच्या ‘अ वुमन अंडर द इन्फ्लुअन्स’ या सिनेमासाठी त्यानं घर गहाण टाकलं. तू तसलं काही करू नकोस, वहिनींचा जीव आधीच टांगणीला आहे. पण त्याच सिनेमात ‘कोलंबो’ या डिटेक्टिव्ह मालिकेतल्या नटानं, पीटर फॉकनं, मित्र म्हणून पदरचे पाच लाख डॉलर घातले होते. माझी भिशी पुढच्या महिन्यात लागतेय, ती तुझी. नाही म्हणू नकोस.

वितरक मिळेना, तेव्हा कॅसाव्हेट्सनं तो सिनेमा स्वतःच थिएटरांत लावला. ते वाचताना मला आपले विष्णुदास भावे आठवले. १८४३ मध्ये सांगलीच्या राजवाड्यात पहिला खेळ केला, पुढं राजाश्रय सुटल्यावर मंडळी घेऊन बाहेर पडले आणि मुंबईत तिकीट लावून नाटकं केली. तुझा सिनेमाही आपण गावोगाव नेऊ, ते माझ्याकडे लागलं.

आज संध्याकाळी हरिपूरला जाऊन आलो. म्हातारबांना विचारलं. म्हणाले, “येऊ दे की त्याला, बसंन मी पुन्हा.” गुरुवारी तुला सुट्टी असते ना? सकाळच्या गाडीनं ये, मी स्टँडवर थांबतो. ड्रोन आणू नकोस.

तुझाच,
वर्गमित्र