रविवारच्या बुशवॉकसाठी सूचना: पायांचा बंदोबस्त

झाडी दाट आहे, म्हणून सर्वांनी लांब पँट घालावी. गेटर्स (बुटावरून पोटरीपर्यंत चढवायची आवरणं) नसतील तर जुन्या ऑस्ट्रेलियन मजुरांची बोयांगची पद्धत चालेल. बोयांग म्हणजे गुडघ्याखाली पँटवरून बांधलेली दोरी किंवा चामडी पट्टा.

सुतळी नको, ती भिजली की आवळते. साधारण २ सेंमी रुंद, ६०-७० सेंमी लांब सुती नाडी घ्या. आधी पँट ४-५ सेंमी वर ओढून गुडघ्यावर झोळ ठेवा, मग पोटरीच्या फुगीर भागाच्या वर बांधा. हा झोळ विसरला की चढावर प्रत्येक पावलाला कापड गुडघ्यावर ताणतं. बोयांगचा निम्मा उपयोग तिथेच आहे. नाडीखाली दोन बोटं सहज जायला हवीत. गाठ सुरगाठ, आणि नडगीच्या बाजूला. गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला हाडालगत नस असते, तिथे दाब बसला तर पावलाला मुंग्या येतात. तसं झालं तर लगेच सोडा.

बोयांगने घोटा झाकला जात नाही. जळवांसाठी मोजे पँटवर ओढा. गेटर्स असल्यास बकल बाहेरच्या बाजूला, हूक बुटाच्या सर्वांत खालच्या नाडीत. (लष्करी ‘पटी’, म्हणजे पोटरीला गुंडाळायची कापडी पट्टी, हा शब्द हिंदीतल्या ‘पट्टी’तून इंग्रजीत गेला, पण ती गुंडाळायला वेळ फार लागतो.)

यातलं काहीही सर्पदंशापासून बचावाची हमी देत नाही. प्रत्येकाकडे १० ते १५ सेंमी रुंदीची दोन इलॅस्टिक बँडेज हवीतच. दंश झाल्यास जखम धुऊ नका, चालू नका, पूर्ण पाय बँडेजने घट्ट गुंडाळून फळीने स्थिर करा आणि ००० ला (ऑस्ट्रेलियाचा आपत्कालीन क्रमांक) फोन करा.