वाळूतली कृष्णा

सांगली,
रविवार

प्रिय मित्रा,
सप्रेम जय हिंद.

तुझं पत्र येऊन पंधरा दिवस झाले. उत्तराला उशीर झाला, कारण नदीकाठच्या गावांतली पोरं आणि बचत गटातल्या बायका यांना पुरासाठी तयार करायचं काम अंगावर घेतलंय. तू विचारलंस, शिकवतोस म्हणजे नक्की काय? पोहणं आणि दोरीच्या गाठी दुसरे शिकवतात. मी निर्णय घ्यायला शिकवतो.

लष्करातलं आपलं सँड मॉडेल आठवतंय ना, वाळूत मुलूख मांडून लढाईचा सराव करायचो ते? तेच केलंय. शाळेच्या खोलीत दोन पोती वाळू पसरली. निळ्या रांगोळीची कृष्णा, काडेपेट्यांची घरं, हरभऱ्याचे दाणे म्हणजे माणसं. मग प्रसंग सांगतो : रात्रीचे दोन वाजलेत, आयर्विन पुलापाशी पाणी ४३ फुटांवर, कोयनेचा विसर्ग वाढलाय, गावात नाव एकच, फोन लागत नाही. तीन मिनिटं देतो. काय करणार ते हुकूम सोडल्यासारखं सांगायचं. ‘बघू’, ‘विचार करू’ चालत नाही. ४० फुटाला इशारा, ४५ ला धोका हे इथं शेंबड्या पोरालाही पाठ आहे. पण त्या मधल्या पाच फुटांत कुणी काय करायचं, हे कुणी कधी मोठ्यानं बोललेलंच नसतं.

पहिल्या दिवशी एक हुशार पोरगा उठला. छान बोलला, पण वेळ संपेपर्यंत ‘साहेबांना विचारून घेतो’ यापुढं गेला नाही. मी नुसतं म्हटलं, ‘पाणी अंगणात आलं.’ त्याचा चेहरा पाहून माझंच काळीज हललं. त्याच्या वयाचा असताना मीही वरच्याच्या तोंडाकडेच बघितलं असतं.

मग मागून एक बाई बोलल्या. ‘आधी जनावरं सोडून वर न्या. म्हैस दावणीला असेपर्यंत म्हातारा घर सोडत नाही.’ मित्रा, हे कुठल्या पुस्तकात असतं सांग! मी लगेच बोटानं वाळूतला रस्ता मोडला. ‘हा गेला. आता?’ त्या म्हणाल्या, ‘नावेतून एका खेपेत उरकू,’ आणि काडेपेटीच्या खोक्यात दाणे भरायला लागल्या. भरता भरता थांबल्या. मग एकेक दाणा परत बाहेर काढला. २०१९ च्या पुरात ब्रह्मनाळ गावात माणसांनी खच्चून भरलेली नाव उलटली होती. खोलीत कुणी काही बोललं नाही.

त्या वर्षी इथं पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. एवढं पाणी बघितलेल्या माणसांना मी काय उत्तर देणार? आपल्या कोर्सला शेवटी डीएस सोल्यूशन, म्हणजे शिकवणाऱ्या अधिकाऱ्यांचं ठरलेलं उत्तर, निघायचं आणि सगळे ते उतरवून घ्यायचे. मला ते तेव्हाही खटकायचं. इथं मी उत्तर ठेवतच नाही. फक्त विचारतो, हेच का? आधी हे का? तुला कळलं नव्हतं ते काय होतं? खरं शिक्षण त्या ‘का’मध्ये होतं. दुसऱ्याचा निर्णय ऐकून माणूस आपला तपासतो. जर्मनीतल्या प्रशियाचे लष्करी अधिकारी १८२४ च्या सुमाराला नकाशावर ठोकळे मांडून हेच करत होते, आणि तिथंही पंच मध्येच परिस्थिती बदलायचा.

तो पहिला पोरगा परवा पुन्हा उठला. दीड मिनिटात तीन हुकूम दिले. त्यातला एक चुकला, पण दिला.

पावसाआधी साताऱ्याहून दोन दिवस काढून ये. सीमेवरचा तुझा एखादा प्रसंग लिहून आण. शेवटी तू काय केलंस ते मात्र मलाही आधी सांगू नकोस. मीही वाळूपाशी त्यांच्यात बसणार आहे.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझाच,
जुना साथी