बाबा, पोस्टाची ती मालिका बघितली

ती. बाबा आणि आईस सा. न.,

मी मजेत आहे, आई मी वेळेवर जेवते, ते परत विचारू नकोस. बाबा फोनवर दोन मिनिटांत 'बरं, ठेवू का' म्हणतात म्हणून यावेळी लिहूनच पाठवतेय, छोटीला मोठ्याने वाचून दाखवायला सांगा.

बाबा, मी इकडच्या ब्रिटनच्या पोस्टाच्या घोटाळ्यावरची ती 'मिस्टर बेट्स व्हर्सेस द पोस्ट ऑफिस' मालिका बघितली. चारच भाग आहेत, जानेवारी २०२४ मधे लागली तेव्हा इकडे सगळीकडे तोच विषय होता, मी मात्र आत्ता बघितली. इकडचा सबपोस्टमास्तर तुमच्यासारखा पोस्टाच्या नोकरीत नसतो, बहुतेकांचं स्वतःचं दुकान आणि त्यातच पोस्टाचं काउंटर, आणि कॅश कमी भरली तर करारामुळे त्यानेच खिशातून भरायची. १९९९ पासून होरायझन नावाचं सॉफ्टवेअर आलं आणि ते नसलेली तूट दाखवायला लागलं. एक बाई हेल्पलाइनवाले सांगतात तशी बटणं दाबत जाते आणि तूट तिच्या डोळ्यांदेखत दुप्पट होते, आणि वर सांगतात की असं फक्त तुमच्याकडेच होतंय. ९०० हून जास्त लोकांना गुन्हेगार ठरवलं, एका भारतीय वंशाच्या बाईला तर पोटात बाळ असताना तुरुंगात टाकलं.

मला ती तुमची ३६० रुपये शॉर्ट आलेली रात्र आठवली. तुम्ही चौथ्यांदा नोटा मोजत होतात आणि मी शेजारी उभी राहून सहलीचे पैसे मागत होते. सकाळी सापडलं, कुणाच्यातरी आरडीचे १५० तुमच्या हातून ५१० लिहिले गेले होते. तुमच्याकडे मागचं पान उलटून बघायला वही तरी होती बाबा, या लोकांना मशीनच्या आत काय चाललंय ते बघायची सोयच नव्हती. या सगळ्यांसाठी लढणारा सबपोस्टमास्तर म्हणजे बेट्स, त्याचं काम टोबी जोन्सने फार छान केलंय, कुठेही ओरडत नाही, नुसते कागद जपून ठेवतो. पण मला चॅनलने शेवटच्या भागानंतर खऱ्या माणसांवर दाखवलेली डॉक्युमेंटरी जास्त आवडली, कारण मालिकेत रडायच्या जागी म्युझिक येतं आणि खरी माणसं मधेच गप्प होतात. तरीपण काम मालिकेनेच केलं हे मान्य करायला हवं, कम्प्युटर वीकली मासिकाने २००९ मधेच हे छापलं होतं, पण शिक्षा सरसकट रद्द करायचा कायदा मालिकेनंतर पाच महिन्यांत आला.

आई, तू 'अ‍ॅडोलसन्स' ही मोबाईलवर नाही ते वाचून बिघडलेल्या पोराच्या हातून खून होतो ती मालिका बघून घाबरलीस, आपली मुलगी कुठल्या गावात राहते म्हणून. ती आमच्या यॉर्कशरमधेच घडते हे खरं, पण गोष्ट रचलेली आहे आणि मी संध्याकाळी सातला घरी असते. प्रत्येक भाग एका सलग टेकमधे घेतलाय, त्यामुळे तो तेरा वर्षांचा पोरगा पोलिसांसमोर बसलेला असताना आपल्यालाही कॅमेऱ्याबरोबर तिथून हलता येत नाही, तुला भीती वाटली ती त्यामुळे. आत्याच्या चिन्मयचा मोबाईल काढून घ्या असं मी म्हणणार नाही, पण तो त्यात काय वाचतो ते कुणीतरी त्याच्याजवळ बसून ऐकावं.

आणि तू विचारलेलंस टीव्ही बघायला लायसन कसलं. आजोबा रेडिओचं लायसन पोस्टात जाऊन भरायचे ना, तसंच. २०२५ मधे वर्षाला १७४.५० पौंड होतं. कुठलंही चॅनल लाइव्ह बघायचं तर लागतं, मोबाईलवर बघितलं तरी लागतं, बीबीसीचं मागाहून बघायलाही लागतं, पण दुसऱ्या चॅनलचं मागाहून बघायला लागत नाही, म्हणून आयटीव्ही चॅनलची ती पोस्टाची मालिका मी फुकट बघितली. घरातल्या सगळ्यांचा भाड्याचा करार एकच असेल तर एकच लायसन, खोल्यांचे करार वेगळे असतील तर प्रत्येकीचं वेगळं, आमचे वेगळे आहेत. आणि ब्लॅक अँड व्हाइटचं लायसन अजूनही वेगळं मिळतं, २०२५ मधे ५८.५० पौंडांना होतं! मी काही चुकीचं करत नाहीये, दोनदा वाचून खात्री केलीय.

छोटीच्या लग्नाच्या हॉलच्या अ‍ॅडव्हान्सचे साठ हजार सोमवारी पाठवलेत, आले की कळवा, उरलेले पुढच्या पगाराला, उशीर होतोय पण होईल. पुण्याच्या स्थळाला नाही म्हटलेलं नाही, फक्त छोटीचं आधी होऊ दे, लोक काय बोलतात ते बोलू देत. लग्नाला मी आठ दिवस आधी येते. बाबांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला मात्र येता येणार नाही, दोन्ही सुट्ट्या मिळत नाहीयेत, मी खूप विचारलं. बाबा, मामाला बरोबर न्या, एकटे एसटीने जाऊ नका, आणि थेंब घालायच्या वेळा मी रोज फोन करून सांगेन. डोळा बरा झाला की ती मालिका आपण मी आल्यावर बघू, तोवर दुसऱ्या कुणाच्या घरी जाऊन ती बघू नका.

तुमची,
सोनी