मित्रास पत्र: आधी पडायला शीक

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र त्या रात्री मी दोनदा वाचलं. जिन्यात त्या माणसाने तुझी कॉलर धरून तुला भिंतीला टेकवलं आणि तुझे हात उचललेच गेले नाहीत, हे वाचून झोप लागली नाही. शेवटी तू लिहिलंयस, 'मी भित्रा निघालो.' हे मला अजिबात मान्य नाही. अचानक कुणी अंगावर आलं की शरीर असंच वागतं. छाती धडधडते, नजर एकाच जागी खिळते, बोटांना बारीकसारीक कामं जमेनाशी होतात. तुझ्या अंगाला त्या प्रसंगाची सवय नव्हती, एवढंच. आणि सवय लावता येते.

तू विचारलंस, कराटे घेऊ, जूडो घेऊ, बॉक्सिंग की क्राव मागा, ती इस्रायली स्वसंरक्षणाची पद्धत? आधी माझं काय झालं ते सांगतो, कारण माझं मत तिथूनच बनलंय.

मी चार वर्षं कराटे शिकलो. आमच्या वर्गात अर्धा वेळ हवेत ठोसे, उरलेला वेळ काता, म्हणजे ठरलेल्या क्रमाने करायच्या हालचाली. जोडीदार असायचा, पण तो एक ठोसा मारून पुतळ्यासारखा उभा राहायचा आणि मी सावकाश त्याचा हात अडवून, पिरगाळून दाखवायचो. दर काही महिन्यांनी परीक्षा, नवा पट्टा. तपकिरी पट्टा कमरेला बांधला तेव्हा मला मनापासून वाटलं, आता मी तयार आहे. पुढे एका ओळखीच्या माणसाने जूडोच्या वर्गाला नेलं. समोर एक मुलगी आली, माझ्याहून निदान दहा किलोंनी हलकी. वाकून नमस्कार केला, एका हाताने माझी कॉलर धरली, दुसऱ्याने कोपराजवळची बाही. त्या जाड सुती कापडाचा मानेवरचा खरखरीत दाब मला अजून आठवतो. मी घाबरून मागे रेटा दिला. तिने तोच रेटा धरून माझ्या टाचेमागे पाय अडकवला आणि मी छताकडे बघत होतो. पाच मिनिटांत सात वेळा पडलो. लागलं काहीच नाही, पण घरी जाताना एकच गोष्ट डोक्यात होती: चार वर्षांत मला कुणी खरोखर धरलंच नव्हतं.

यात दोष कराटेचा नाही. क्योकुशिनसारख्या कराटेत हाताने चेहऱ्यावर मारायला बंदी असते, पण छाती-पोटावर आणि पायांवर पूर्ण ताकदीने मारतात, आणि ते लोक कणखर असतात. दोष होता तो विरोध न करणाऱ्या जोडीदाराबरोबर सराव करण्याचा. म्हणून कलेच्या नावापेक्षा एक गोष्ट आधी बघ: समोरचा तुला हरवायचा खराखुरा प्रयत्न करतो का?

जिगोरो कानो यांनी 1882 मध्ये कोडोकान ही जूडोची शाळा सुरू केली तेव्हा त्यांनी जुजुत्सू या जुन्या जपानी युद्धविद्येतले घातक डाव सरावाच्या झटापटीतून बाजूला काढले आणि कातापुरते ठेवले. उरले ते डाव असे, की जे रोज, पूर्ण जोर लावून, एकमेकांवर करता येतील. या मोकळ्या झटापटीला रांदोरी म्हणतात. घातक डाव काढल्यावर विद्या मवाळ झाली असेल असं वाटतं ना? माझ्या मते उलट झालं. डोळ्यांत बोटं घालण्याचा सराव तू कुणावर करणार? पण पायात पाय अडकवून पाडणं तू हजार वेळा करू शकतोस, आणि हजार वेळा केलेलंच ऐनवेळी अंगातून निघतं.

ब्राझिलियन जिउ-जित्सूही याच मुळातून फुटलेली. 1993 च्या पहिल्या यूएफसी स्पर्धेत, जिथे वेगवेगळ्या कलांचे लोक एकमेकांशी लढले, अंगाने किरकोळ असलेला रॉइस ग्रेसी एका रात्रीत तीन लढती जिंकला, आणि जमिनीवरच्या झटापटीकडे सगळ्यांचं लक्ष गेलं. ती जरूर शीक, पण पुढे कधीतरी. रिंगणात समोर एकच माणूस असतो. बाहेर त्याचा सोबती पाठीमागे उभा असू शकतो, तेव्हा जमिनीवर गुंतून पडण्यापेक्षा झटकन उठता येणं मोलाचं.

बॉक्सिंगचं मला एका गोष्टीसाठी फार कौतुक आहे: ठोसा येताना डोळे उघडे ठेवायला दुसरं काही इतक्या लवकर शिकवत नाही. पण डोक्याला वारंवार मार लागणं चांगलं नाही, आणि ग्लोव्हज न घालता मुठीने कुणाच्या कपाळावर मारलंस तर तुझ्याच हाताचं हाड मोडू शकतं. थायलंडच्या मुए थाईत कोपर आणि गुडघे येतात, जवळून धरून लढणंही येतं, तेही उत्तम. तायक्वांदोच्या लाथा सुंदर, पण अरुंद जिन्यात पाय उचलायला जागा कुठली? क्राव मागाचा विचार मला पटतो, लवकर सुटा आणि पळा. फक्त त्यात शिकवणारा कसा आहे यावर फार अवलंबून असतं. चाकू हिसकावून घेणं तासाभरात शिकवतो म्हणणाऱ्याकडे जाऊ नकोस. चाकू दिसला तर पळायचं, पाकीट मागितलं तर द्यायचं.

तुझ्यासाठी माझं मत जूडो. तुला ठोसा पडला नव्हता, तुला धरलं होतं. आणि जूडोत दर तासाला कुणीतरी तुझी कॉलर धरणार आहे. महिना-दोन महिन्यांत त्या पकडीत श्वास चालू ठेवायला येईल, हे मी खात्रीने सांगतो. शिवाय पहिले कित्येक दिवस फक्त पडायला शिकवतील, त्याला उकेमी म्हणतात. हनुवटी छातीला, पाठ गोल, हात तिरका सपकन जमिनीवर. कंटाळू नकोस. मला रस्त्यात अजून कुणी मारलेलं नाही, पण ओल्या फरशीवरून मी पाठीवर आपटलोय आणि डोकं टेकलं नाही, ते याच सवयीमुळे.

नाव घालण्याआधी एक तास नुसता बसून बघ. शेवटची वीस मिनिटं मोकळी झटापट होते का, जुने लोक नवख्याला सांभाळून घेतात का, जोडीदाराने हार मानून हाताने थोपटलं की लगेच सोडतात का. सोडत नसतील तर तिथे पाय ठेवू नकोस, शिक्षक कितीही नावाजलेला असो.

आणि एक गोष्ट राहिलीच. तू लिहिलंयस की धरण्याआधी तो दोन मिनिटं अंगावर येऊन ओरडत होता आणि तू समजूत काढत उभा राहिलास. यापुढे अंतर ठेव. त्याचा हात पोचणार नाही इतकं मागे, दोन्ही तळवे छातीसमोर उघडे, आणि मोठ्याने 'मागे हो'. मग जिना उतरून निघून जायचं. हे करायला कसला पट्टा लागत नाही, पण आवाज फुटायलाही सराव लागतो. आरशासमोर उभा राहून ओरडून बघ, पहिल्यांदा किती अवघड जातं ते कळेल.

पहिल्या दिवशी नखं कापून जा, अंगठी आणि घड्याळ घरी ठेव. दुसऱ्या दिवशी मान आणि बोटं दुखतील, ते साहजिक आहे. तास संपला की, कितीही उशीर होवो, मला फोन कर. मी जागा असेन.

तुझाच,
मित्र