जॅझ आणि काँगो : हा माहितीपट पूर्ण दाखवावा

महोदय,

'साउंडट्रॅक टू अ कू देता' (सत्तापालटाचे पार्श्वसंगीत) हा आफ्रिकेतील काँगोमधला सत्तापालट आणि अमेरिकी जॅझ संगीत यांच्यावरील २०२४ सालचा माहितीपट येथील एका कलाकेंद्रात दाखवला जाणार असल्याचे समजल्यापासून 'कलेच्या व्यासपीठावर राजकारण कशाला?' असा सूर काही रसिकांकडून ऐकू येत आहे. या रसिकांचे संगीतावरील प्रेम निखळ आहे, याबद्दल मला शंका नाही. परंतु हा माहितीपट त्यांनीच आवर्जून पाहावा असे मला मनापासून वाटते, कारण संगीताचा राजकारणाशी काही संबंध नसतो या समजुतीचाच सत्ताधारी किती सहज वापर करून घेतात, हे त्यातून उलगडते.

बेल्जियमच्या ताब्यातील काँगो ३० जून १९६० रोजी स्वतंत्र झाला आणि पॅट्रिस लुमुंबा त्याचे पहिले पंतप्रधान ठरले. खनिजांनी समृद्ध असा कटांगा प्रांत दोन आठवड्यांच्या आत फुटून निघाला, सप्टेंबरात लुमुंबांना पदावरून दूर करण्यात आले आणि १७ जानेवारी १९६१ रोजी त्यांची हत्या झाली. या दरम्यान, लुमुंबा नजरकैदेत असतानाच, अमेरिकेतील कृष्णवर्णीय जॅझ ट्रम्पेटवादक लुई आर्मस्ट्राँग यांचा वाद्यवृंद अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या दौऱ्यावर काँगोत वाजवत होता. आर्मस्ट्राँग काही सरकारचे होयबा नव्हते. १९५७ साली अमेरिकेतील लिटल रॉक शहरात कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना शाळेत जाण्यापासून अडवण्यात आले, तेव्हा त्यांनी सोव्हिएत संघाचा नियोजित सरकारी दौरा जाहीरपणे नाकारला होता. इतक्या स्वाभिमानी कलावंताच्या ट्रम्पेटचाही सत्तेला असा उपयोग करून घेता आला, हे मला या साऱ्या इतिहासातील सर्वांत क्लेशदायक सत्य वाटते. ज्या कृष्णवर्णीय कलावंतांना मायदेशी, अमेरिकेत, समान हक्क नव्हते, त्यांनाच स्वातंत्र्याचे दूत म्हणून जगभर पाठवले जात होते. १९५८ साली अमेरिकी जॅझ पियानोवादक डेव्ह ब्रुबेक यांचा गोऱ्या आणि कृष्णवर्णीय वादकांचा संमिश्र चमू भारतातही आला होता, तो अशाच एका दौऱ्यात.

याची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. लुमुंबांच्या हत्येनंतर, १५ फेब्रुवारी १९६१ रोजी, गायिका अ‍ॅबी लिंकन आणि लेखिका माया अँजेलो यांच्यासह अनेक निदर्शकांनी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेच्या सभागृहात जाऊन आपला संताप व्यक्त केला. राजकारणाने कलावंतांना वापरले हे खरे असले, तरी कलावंत गप्प बसले नाहीत, हेही तितकेच खरे आहे.

म्हणूनच संयोजकांना माझी विनंती आहे की, सुमारे अडीच तासांच्या या माहितीपटाला वेळेच्या किंवा वादाच्या धास्तीने कात्री लावू नये. पडद्यावर सतत येणारा मजकूर आणि अनेक अपरिचित नावे लक्षात घेता, घटनाक्रमाचे एक पानी मराठी टिपण प्रेक्षकांना आधीच द्यावे. संगीत जाणणारी एक आणि आफ्रिकेचा इतिहास जाणणारी एक, अशा दोन व्यक्तींना चर्चेसाठी बोलवावे, आणि ज्यांना प्रदर्शनच नको आहे त्यांनाही त्या चर्चेत बोलण्याची संधी मिळावी. संगीत शिकणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी काही जागा राखून ठेवता आल्या, तर त्यांच्या गुरुजनांनी त्यांना अवश्य घेऊन यावे.

आपला,
एक संगीतप्रेमी वाचक