खणून काढलेलं समजायला हयात माणसं लागतात

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

कुठे उत्खनन झालं की बातमी ठरलेली असते, इतक्या हजार वर्षांपूर्वीची वस्ती सापडली, आणि लगेच मूळचे कोण नि बाहेरचे कोण यावरून वाद सुरू. पण सापडलेली वस्तू बनवली कशी, कुणी बनवली, तिला किती दिवस लागले हे कुणी विचारतच नाही. ते नुसतं खणून कळतही नाही, त्यासाठी आज तेच काम करणाऱ्या माणसांजवळ जाऊन बसावं लागतं, म्हणजे पुरातत्त्वाला मानववंशशास्त्राचा हात धरावा लागतो.

गुजरातमधल्या खंभातचंच घ्या. तिथे आजही अकीक नावाच्या कठीण दगडाचे मणी हाताने घडवतात. कारागीर जमिनीत तिरपा रोवलेल्या लोखंडी खिळ्याच्या टोकाला दगड टेकवतो आणि वरून शिंगाच्या हातोडीने हलकेच ठोकतो, आणि कपची निघते ती हातोडी बसते तिथून नाही, खिळ्याचं टोक टेकलंय तिथून! त्याआधी दगड मडक्यात घालून भाजतात, म्हणजे त्यातलं लोह लाल रंग धरतं. जोनाथन मार्क केनोयर, मासिमो विदाले आणि कुलदीप भान या पुरातत्त्वज्ञांनी १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून या कारागिरांचा बारकाईने अभ्यास केला, कचरा कुठे पडतो, सगळं काम एकाच मालकाच्या छपराखाली होतं की घराघरांत वाटलेलं असतं, त्यावरून ढीग कसे बदलतात, असं सगळं. मग हडप्पा संस्कृतीच्या गावांत सापडणाऱ्या कपच्यांच्या ढिगांकडे बघायची नजरच बदलली, कारण तो आता नुसता कचरा राहिला नाही, तिथे धंदा कुणाच्या हातात होता याचा तो पुरावा झाला.

आणि उलटंही झालं, ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. खंभातचा आजचा ड्रिल हिऱ्याच्या टोकाचा आहे, तर हडप्पाकालीन लांब मण्यांची भोकं एका वेगळ्याच कठीण दगडाच्या ड्रिलने पाडलेली होती, त्या दगडाला सिंधमधलं हडप्पाकालीन चन्हुदडो खणणाऱ्या अर्नेस्ट मॅके यांच्यावरून अर्नेस्टाइट असं नाव दिलंय. प्रयोग करून पाहिला तर तासाला जेमतेम दोन-अडीच मिलिमीटर भोक पडतं! म्हणजे आजचा कारागीर हा कालच्याची कॉपी नाही, चार-साडेचार हजार वर्षांत त्याचीही हत्यारं बदलली, धंदा बदलला, आणि हे जमिनीतल्या पुराव्यानेच दाखवून दिलं. आजच्या आदिवासींकडे किंवा कारागिरांकडे बघून 'हे बघा अश्मयुग' असं म्हणणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं, ते वाक्य चुकीचं तर आहेच, शिवाय अपमानकारकही आहे.

दक्षिणेत ठिकठिकाणी राखेचे मोठे प्राचीन ढिगारे आहेत, त्यांचंही तसंच. लोककथांत ती राक्षसांची राख, काही इंग्रज अभ्यासकांना ज्वालामुखी वाटला. तेलंगणातल्या उत्नूरला पुरातत्त्वज्ञ ऑल्चिन यांनी असा ढिगारा खणला तर गुरांच्या खुरांचे ठसे निघाले, म्हणजे तो नवाश्मयुगीन गुरांचा गोठा होता आणि शेण वारंवार जाळलेलं. गुराखी लोक गुरं कशी कोंडतात, शेणाचं काय करतात हे माहीत असल्याशिवाय हा अर्थ लागला नसता. इंडोनेशियात सुंबा बेटावर अगदी अलीकडेपर्यंत थडग्यासाठी अजस्र शिळा माणसांनी ओढून नेल्या, आणि तिथे बघितलं की कळतं, दगडापेक्षा मोठा खर्च जेवणावळीचा आणि कापलेल्या म्हशींचा असतो, जो शिळेवर कुठेच दिसत नाही. विदर्भातल्या जुनापाणीच्या शिळावर्तुळांमागेही, म्हणजे दफनांभोवती गोलाकार मांडलेल्या प्राचीन दगडांमागेही, असंच काही होतं असं लगेच म्हणता येणार नाही, पण निदान कुठला प्रश्न विचारायचा ते तरी समजतं.

हे आपल्याला नवीन नाही हो. १९३९च्या सुमारास पुण्याच्या डेक्कन कॉलेजात ह. धी. सांकलिया पुरातत्त्वाला आणि इरावती कर्वे मानववंशशास्त्राच्या बाजूला होत्या, आणि १९४०च्या दशकात गुजरातमध्ये लांघणजला दोघांनी मिळून काम केलं, दगडी हत्यारं आणि माणसांचे सांगाडे एकाच वेळी अभ्यासले गेले. आज मात्र कित्येक ठिकाणी दोन्ही विषयांची मुलं एकमेकांचे पेपर वाचत नाहीत.

एक गोष्ट मनाला फार लागते. खंभातच्या कारागिरांना दगडाच्या धुळीने सिलिकोसिस होतो, फुप्फुसं निकामी होतात. त्यांच्या हातांकडून आपण हडप्पा शिकलो आणि त्यांच्या श्वासाची काळजी मात्र कुणी पुरेशी घेतली नाही. नागा पूर्वजांच्या अस्थी अजून ऑक्सफर्डच्या संग्रहालयात आहेत, त्या परत आणण्यासाठी नागा समाज स्वतः बोलणी करतोय. ज्यांच्याकडून ज्ञान घेतलं, त्यांना विचारणं हा रिसर्चचाच भाग मानायला हवा.

तेव्हा विनंती अशी की उत्खननाच्या टीममध्ये पहिल्या दिवसापासून एक मानववंशशास्त्रज्ञ असावा, आसपासच्या कुंभार, लोहार, गुराख्यांची मदत घेतली तर त्यांच्या संमतीने त्यांची नावं रिपोर्टात छापावीत, आणि आपल्या पेपरनेही पुढच्या उत्खननाची बातमी देताना वस्तू किती जुनी याच्या बरोबरीने ती कशी बनवली असेल हेही कुणालातरी विचारावं.

आपला एक नियमित वाचक